जोगळेकरांचं बेट

जोगळेकर शेजारचं घर बंद करून गेले त्याला आता दीड वर्ष होईल, पण माझ्या अळवाच्या वाफ्यात अजून त्यांच्या माडाची पानं सापडतात. माडाची म्हणजे प्लास्टिकच्या माडाची. खरं पान असतं तर एका पावसाळ्यात कुजून खत झालं असतं. हे कुजत नाही आणि बकरीही तोंड लावत नाही. परवा एक उचलून झटकलं, तर त्याच्या पाठीवर ‘आगीपासून सुरक्षित’ अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत छापलेलं दिसलं, आणि जोगळेकर जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहिले.

मी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. रत्नागिरी बंगालच्या उपसागरावर वसवणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांना पस्तीस गुण देऊन वरच्या वर्गात ढकललंही आहे. पण ती मुलं निदान परीक्षेपुरतीच चुकत. जोगळेकरांनी निवृत्तीनंतर चुकायला सुरुवात केली आणि मग काही मागेपुढे पाहिलं नाही.

त्यांचं आणि माझं घर यांच्यामध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा आहे. तीस वर्षं ते लोट्याच्या एका केमिकल कारखान्यात होते. शनिवारी कंपनीच्या बसने येत, सोमवारी पहाटे जात, आणि रविवारी गडग्यापलीकडून मला मान हलवून दाखवत. तेवढ्या ओळखीवर आमचं उत्तम चाललं होतं. निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी कंपनीने मोठ्या अधिकाऱ्यांची सहल थायलंडला नेली. तिथल्या हॉटेलात एक ‘टिकी बार’ होता. त्यात हे गृहस्थ चार तास बसले. चार तास. मी कोकणात अडुसष्ट वर्षं काढली, तरी मला इथली माणसं कळली असं म्हणायला जीभ रेटत नाही. जोगळेकरांना अख्खा पॅसिफिक महासागर चार तासांत कळला, तोही थायलंडमध्ये.

टिकी म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर काही बिघडलेलं नाही. पॅसिफिकमधल्या बेटांवर लोक आपल्या पूर्वजांच्या, देवांच्या लाकडी मूर्ती कोरतात. तिकडे फिरून आलेल्या अमेरिकन लोकांनी त्या मूर्ती उचलल्या, भोवती बांबू आणि झावळ्या लावल्या, रममध्ये अननसाचा रस घातला, वर कागदाची छत्री खोचली आणि त्याला संस्कृती म्हणायला सुरुवात केली. त्या नकलेची थायलंडच्या हॉटेलवाल्याने नक्कल केली. त्या नकलेची नक्कल जोगळेकरांनी रत्नागिरीत आणली, ती माझ्या गडग्याला लागून.

“सर, आपल्याकडे सगळं आहे, पण कल्चर नाही,” असं ते मला नेहमी सांगत. हे सांगताना अंगात मोठमोठ्या जास्वंदींचा शर्ट असे. त्यांच्याच कुंपणाला जास्वंद होती. तिच्याकडे त्यांनी कधी वळून पाहिलं नाही. संध्याकाळी सात वाजता ते एक पितळी घंटा वाजवत आणि म्हणत, “आयलंड टाइम.” शेजारच्या बंगल्यातला कुत्रा त्या वेळी नेमाने रडत असे आणि मला त्याचं पटत असे.

एकदा मी विचारलं की ताहिती नेमकी कुठे आहे. म्हणाले, “मॉरिशसच्या पुढे, डावीकडे.” मी घरातून नकाशांची मोठी वही आणून गडग्यावर उघडून धरली. जोगळेकरांनी चष्मा वर करून पाहिलं, बोटाने पॅसिफिक चाचपला आणि म्हणाले की हे जुनं पुस्तक दिसतंय. मी वही मिटली. ती वही पुढेही एकदा या गोष्टीत येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

आता खरा समुद्र. भाट्याचा किनारा आमच्या आळीपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. निवृत्तीनंतर जोगळेकर तिथे गेल्याचं मला आठवत नाही. वाळू गाडीत येते, म्हणत. वारा खारट असतो, केस चिकट होतात, म्हणत. केस किती उरले होते ते मी मोजत बसत नाही. मात्र घरात त्यांनी एक यंत्र आणलं होतं, त्यातून लाटांचा आवाज येई. श्रावणात वारा आमच्या बाजूचा असला की खऱ्या समुद्राची गाज आळीत ऐकू येते. त्या दिवसांत जोगळेकर यंत्राचा आवाज वाढवत, कारण बाहेरच्या आवाजाने आतल्या लाटा नीट ऐकू येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

प्लास्टिकच्या झावळ्या आल्या त्या दिवशी मी गडग्यावर हात टेकून तासभर उभा होतो. सात खोकी. मागच्या आगरात त्यांचे स्वतःचे अकरा माड. त्यांच्या झावळ्या पडत, त्या उचलायला माणूस मिळत नाही म्हणून जोगळेकर वर्षभर कुरकुरत. नारळ पाडायला येणारा गडी खोक्यांकडे बघून म्हणाला, “सायब, झावळ्यांचे झाप व्हये तर आमची बायको चार दिसांत विणून देईल.” जोगळेकरांनी त्याला समजावलं की त्यात किडे होतात, हे ऑथेंटिक आहे. गडी मान डोलवून माडावर चढला आणि वरून एक वाळकी झावळी त्याने नेमकी त्या खोक्यांवर सोडली. चुकून सोडली असेल.

मग जाळं आलं. मासे पकडायचं जाळं, शोभेचं, काचेचे हिरवे गोळे लावलेलं. मला हाक मारून त्यांनी ते गडग्यावरून पुढे केलं. “हुंगून बघा सर. वास नाही.” मी हुंगलं. नव्या रेनकोटचा वास होता. सकाळी पाटी घेऊन मासेवाली आळीच्या तोंडाशी आली की जोगळेकरांच्या खिडक्या धडाधड बंद होत, हे मला तेव्हा आठवलं. जाळ्याबरोबर एक दिवाही आला होता. फुगवून वाळवलेला काटेरी मासा, आणि पोटात बल्ब. आमच्याकडे त्या माशाला केंड म्हणतात. कोणी विकत घेत नाही, कोणी फुकट नेत नाही. जोगळेकरांनी तो परदेशातून मागवला होता.

इथपर्यंत हा माणूस नुसता हास्यास्पद होता, आणि हास्यास्पद शेजारी असण्यात वाईट काही नाही. संध्याकाळ बरी जाते. पण जोगळेकरांना मानसी नावाची एकुलती एक मुलगी होती आणि ती माझी विद्यार्थिनी होती. कोकणचा किनारा काढताना एकही खाडी न चुकवणारी अशी मुलगी मला पुन्हा मिळाली नाही. शिकून ती चिपळूणच्या कॉलेजात लागली. तिथे बँकेत असलेल्या संदेशशी तिचं जमलं. संदेश वरवड्याकडच्या खारवीवाड्यातला, मच्छीमारांच्या वस्तीतला. बाप दत्ताराम, होडीवरचा तांडेल, म्हणजे समुद्रावर ज्याच्या शब्दाने सगळी माणसं हलतात तो. मुलगा पदवीधर, पगारदार, निर्व्यसनी. जोगळेकरांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मानसी रडली, तिची आई सुनंदावहिनी रडल्या. जोगळेकर पडवीत उभे राहून आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “त्या लोकांच्या अंगाला समुद्राचा वास येतो.”

मला ते वाक्य अजून जसंच्या तसं ऐकू येतं. चिपळूणला नोंदणी पद्धतीने लग्न झालं. जोगळेकर गेले नाहीत, वहिनींना जाऊ दिलं नाही, आळीतलंही कोणी गेलं नाही. त्यानंतर तीन वर्षं मानसी या घरात आली नाही. आणि या तीन वर्षांतच जोगळेकरांनी भिंतींवर वल्ही टांगली, जाळी पसरली, दर्यावर्दी लोकांच्या देवांची चित्रं लावली. पॅसिफिकमधले मच्छीमार चालत होते. ते दहा हजार मैलांवर होते आणि मुलगी मागायला येणार नव्हते.

सुनंदावहिनी कमी बोलत. माझी बायको गेल्यापासून त्या गडग्यावरून मला कधी आंबोळ्या देत, कधी सांदणं देत, आणि देताना दोन वाक्यं बोलत. दिवाळीनंतरच्या एका सकाळी वाटी हातात देऊन त्या तिथेच थांबल्या. मानसीला पाचवा महिना लागला होता. फोनवर तिने आईला सांगितलं होतं, बापाला नाही.

“भाऊजी, पहिलटकरीण आहे,” वहिनी म्हणाल्या. “माहेरच्या उंबऱ्याला पाय न लावता ती बाळंत झाली, तर मी तिला पुन्हा तोंड दाखवणार नाही. मला तिचं डोहाळजेवण या घरात करायचंय.”

मी म्हटलं की जोगळेकर ऐकायचे नाहीत. त्या म्हणाल्या, ते मला ठाऊक आहे, आणि रिकामी वाटी मागून घेऊन गेल्या.

पंधरा दिवसांनी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, जोगळेकरांची ‘टिकी हट’ उभी राहायला लागली. पावसकडून बांबूवाला आला. चार खांब, वर प्लास्टिकचं छप्पर, खाली बार. पहिला खांब रोवायला घेतला आणि वहिनी तबक घेऊन बाहेर आल्या. त्यांनी खांबाला हळदकुंकू वाहिलं, पिवळ्या फडक्यात सुपारी आणि अक्षता बांधल्या, वर आंब्याचा टहाळा खोचला, खड्ड्यात पाणी घातलं. “हात लावा,” म्हणाल्या. जोगळेकरांनी हौसेने खांबाला हात लावला. बांबूवाल्याकडून फोटो काढून घेतला आणि तिथल्या तिथे लोट्याच्या मित्रांना पाठवला, खाली लिहिलं की लोकल रिच्युअल.

मी गडग्यापलीकडे उभा होतो. कोकणात वाढलेल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की ही मुहूर्तमेढ आहे. मांडवाचा पहिला खांब. तो असा पुजून रोवला की त्या मांडवाखाली घरातलं मंगलकार्य व्हावंच लागतं, त्याआधी तो मांडव उतरवत नाहीत आणि तिथे दुसरं काही करत नाहीत. जोगळेकर इथेच जन्मले, इथेच वाढले, त्यांची मुंज याच खळ्यात झाली होती. पण त्यांनी बेटांचा एवढा अभ्यास केला होता की स्वतःच्या हाताखाली काय रोवलं जातंय ते त्यांना दिसलं नाही. वहिनींनी जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं. मी लगेच अळवाला पाणी घालायला लागलो.

संक्रांतीच्या सुमाराला हट पूर्ण झाली. आत चार फुटी फायबरचा देव, दात विचकलेला. तोंडांच्या आकाराचे मग. केंडाचा दिवा. उद्घाटनाला लोट्याचे सहा जण यायचे होते. त्या दिवशी सकाळच्या चहाला वहिनींनी विषय काढला. खळ्यातच बसले होते दोघं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“मेढ रोवलीय. कार्य झाल्याशिवाय त्या मांडवात पार्टी नको.”

“मांडव नाही तो. हट आहे.”

“मेढ तुम्ही रोवलीत,” वहिनी म्हणाल्या. “फोटो आहे तुमच्याकडे.”

जोगळेकर हसले. पण कपातला चहा बशीत सांडला. तीस वर्षं नारळ फोडल्याशिवाय या माणसाने कारखान्यातली एक टाकी चालू केलेली नाही. मांजर आडवं गेलं म्हणून कंपनीची बस थांबवायला लावलेली मला ठाऊक आहे. अंधश्रद्धा त्यांच्यात आमच्या सगळ्या आळीएवढी होती, फक्त ती वरून जास्वंदीच्या शर्टाने झाकलेली.

संध्याकाळी पाहुणे आले. पहिले पेले भरले आणि सगळे दिवे गेले. दिवे आले, तर फायबरचा देव तोंडावर आपटला आणि एका पाहुण्याच्या पायाचं बोट सुजलं. त्याला सावरायला जोगळेकर उंच स्टुलावरून उतरले ते पाय मुरगळूनच. दिवे गेले कारण सगळी जोडणी न्हाणीघराच्या एका प्लगवर होती. देव पडला कारण खाली जांभा उंचसखल होता. स्टूल तर कोणालाही पाडण्याच्या लायकीचंच होतं. हे सगळं मला दिसत होतं, आणि विज्ञाननिष्ठ शिक्षक म्हणून मी ते सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. वहिनींनी नवऱ्याच्या पायाला हळद लावता लावता एवढंच म्हटलं की मेढ आहे ना.

लंगडत जोगळेकर भटजींकडे गेले. सत्यनारायण घालून भागेल का, असं विचारलं म्हणे. भटजी म्हणाले की ते व्रत झालं, कार्य नव्हे. घरात मुंज, लग्न, बारसं, डोहाळजेवण असं काही आहे का? जोगळेकर म्हणाले, नाही. घरी येऊन त्यांनी तेच वहिनींना सांगितलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. वर न बघता त्यांनी सांगितलं की मानसीला सातवा लागलाय.

मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. तो ओरडला नाही. खळ्याच्या कडेला बसून राहिला. लेक तीन वर्षांत एकदाही आठवली नसेल असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी आधी मांडव आठवला आणि मग लेक, एवढं मी शपथेवर सांगतो. संध्याकाळी त्यांनी अट घातली. एक दिवस. फक्त बायका. मी घरात नसेन, त्या दिवशी लोट्याला जाईन. आणि सजावटीला कोणी हात लावायचा नाही. वहिनींनी सगळ्याला हो म्हटलं.

डोहाळजेवण कसं करायचं याचे आमच्याकडे प्रकार असतात. कोणी झोपाळ्यावर बसवतात, कोणी बागेत, कोणी चांदण्यात, कोणी नावेत. वहिनींनी जाहीर केलं की मानसीचं नावेतलं करायचं. नाव म्हटल्याबरोबर जोगळेकरांचे कान उभे राहिले. बेटांवर होडीला एका बाजूने आडव्या दांड्या आणि त्यांच्या टोकाला लाकडाचा ओंडका बांधतात, होडी कलंडू नये म्हणून. तसली होडी त्यांना कधीची हवी होती. वर्षभर ते परदेशातल्या किमती बघत होते. वहिनी म्हणाल्या की अशी एक मिळेल, जुनी आहे, पण चालेल. कुठली, ते त्यांनी विचारलं नाही. आमच्या किनाऱ्यावर त्या ओंडक्याला उलांडी म्हणतात आणि आमच्या कोळ्या-खारव्यांच्या होड्यांना ती पूर्वापार आहे, हे छत्तीस वर्षं मी सातवीला शिकवत होतो. जोगळेकर सातवीत दुसऱ्या शाळेत होते.

आदल्या दिवशी टेम्पोतून होडी आली. तिच्याबरोबर एक काळा, सडपातळ, पांढऱ्या मिशांचा माणूस उतरला. दत्ताराम. जोगळेकरांनी ओळखलं. चेहरा असा केला की जणू आंबट ताक प्यायलेत. पण होडी समोर होती, लांब, काळीभोर, तेलपाण्याने चकाकणारी, आणि ती परत पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं. दत्तारामने उलांडी बांधून देऊ का, असं विचारलं. जोगळेकरांनी भिंतीकडे बघत सांगितलं की ती पॉलिनेशियन पद्धतीने बांधायची आहे, त्याचा व्हिडिओ आहे. दत्ताराम बरं म्हणाला. आपली दोरी मात्र ठेवून गेला. दुपारभर जोगळेकर मोबाईल समोर धरून गाठी मारत होते. मी एवढ्या सुंदर मूर्खपणाचा साक्षीदार दुसऱ्या कुठल्या गावात झालो नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मानसी आली. तीन वर्षांनी. वहिनींनी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला पोटाशी धरलं, तेव्हा मी अळवाकडे बघितलं. वरवड्याच्या बायका आल्या, आळीतल्याही आल्या, कारण मांडवाला बोलावल्यावर न जाण्याची पद्धत नाही. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि मानसी होडीत पाटावर बसली. पेढा आणि बर्फी झाकायला वाट्या मिळेनात म्हणून कोणीतरी बारवरचे दोन दात विचकलेले मग उचलून पालथे घातले. फायबरच्या देवाला एका म्हातारीने कुंकू लावलं आणि पदर घेऊन नमस्कार केला. वरवड्याची एक पोरगी केंडाच्या दिव्यापुढे उभी राहून हसत सुटली. “आये, ह्यो बघ केंड. आपली जाळी फाडलान त्यानं आणि हितं दिवा होऊन बसलाय.”

जोगळेकर लोट्याला गेले नव्हते. खिडकीचा पडदा दोन बोटं सरकला होता, त्यात जास्वंदीचा शर्ट दिसत होता. पडद्याआडून हा माणूस लेकीकडे बघत होता की आपल्या सजावटीचं कोण काय बोलतंय ते ऐकत होता, ते मला सांगता येणार नाही. कोणीतरी म्हणालं की मांडव छान झालाय. त्यावर आतून खाकरल्याचा आवाज आला. मांडव नाही, हट आहे, असं म्हणायचं असणार.

दत्ताराम खळ्याच्या कडेला, तांब्याच्या घागरीशेजारी जमिनीवर बसला होता. बायकांचा कार्यक्रम, त्यात हा एकटा पुरुष, आणि घरधन्याने या म्हटलेलं नाही. टेम्पोतून होडी परत न्यायची म्हणून थांबलेला.

ओटी भरताना मानसी थोडी पुढे वाकली आणि होडी कलंडली. पॉलिनेशियन गाठ सुटली. उलांडी एकीकडे, होडी दुसरीकडे. मानसीने दोन्ही हातांनी काठ धरला. बायका किंचाळल्या. दत्ताराम बसल्या जागेवरून उठला की उडाला ते कळलं नाही. त्याने होडीची बाजू खांद्यावर घेतली आणि ती तशीच तोलून धरली. त्याच क्षणी दार उघडून जोगळेकर लंगडत धावत आले आणि त्यांनी दुसरी बाजू धरली. मानसी दोघांच्या मध्ये, पाटावर, तशीच बसलेली.

“ही गाठ नाय,” दत्ताराम शांतपणे म्हणाला. “ह्या गाठीनं एक लाट झेलायची नाय. सायब, ह्या टोकाला धरा. ताणून.”

जोगळेकरांनी दत्तारामच्या दोरीचं टोक धरलं. दत्ताराम गुडघ्यावर बसून उलांडी बांधायला लागला.  आणि मग जोगळेकर बोलायला लागले. मला वाटलं, आता माफी मागतात. कसली माफी! बेटांवर ही गाठ कशी उजवीकडून घेतात ते सांगत होते. त्यांनी दत्तारामची माफी मागितली नाही, मानसीची मागितली नाही, तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. पण दोरी जराही ढिली पडू दिली नाही, आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, “व्याही, अजून एक वेढा घ्या. पोर बसलीय आत.”

वहिनी कुंकवाचा करंडा हातात धरून जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या. दत्तारामने वर बघितलं नाही. अजून एक वेढा घेतला.

एवढं बघून मी आत जायला निघालो. एका माणसाचा तिरस्कार आपण बरीच वर्षं निष्ठेने केलेला असला, की तो मध्येच असं काही करतो हे आवडत नाही. तेवढ्यात गडग्यापाशी बांगड्या वाजल्या. मानसी आली होती, हातात द्रोण, त्यात पेढे.

“सर, तुम्ही आला नाहीत.”

मी म्हटलं, आज बायकांचं आहे ना.

“आज नाही,” ती म्हणाली. “तेव्हा.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तसा तो असता तर मला उत्तर देता आलं असतं. तीन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे येऊन हाताने लिहिलेली पत्रिका देऊन गेली होती. सर, आमच्याकडून कोणी येणार नाही, तुम्ही या, असं त्यात लिहिलं होतं. त्या सकाळी मी इस्त्रीचे कपडे घालून एसटी स्टँडवर गेलो. चिपळूणची गाडी लागली होती. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो, आणि जोगळेकरांना काय वाटेल असा विचार करून घरी आलो. ज्या माणसाला मी कवडीची किंमत देत नव्हतो, त्याला काय वाटेल म्हणून. पत्रिका नकाशांच्या वहीत ठेवली. अजून तिथेच आहे, पॅसिफिकच्या पानात.

 तिने द्रोण गडग्यावर ठेवला आणि सावकाश परत गेली.

पुढे तिला मुलगा झाला. जोगळेकर आणि वहिनी नातवाला सांभाळायला चिपळूणला राहायला गेले आणि पुढच्या पावसाळ्यात वाऱ्याने हट उधळली. जोगळेकर तिथे त्या पोराला काय भूगोल शिकवत असतील, देव जाणे. मला मात्र त्यांचं शेवटचं आठवतं ते त्या संध्याकाळचं. बायका जेवायला बसल्या होत्या. दत्ताराम टेम्पोत बसून गेला होता. होडी मात्र नेली नाही, राहू दे म्हणाला. खळं रिकामं होतं आणि जोगळेकर एकटेच तिच्यापाशी उभे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघत नाही अशी खात्री झाल्यावर दोरी धरलेला उजवा तळवा त्यांनी नाकाशी नेला. वर्षानुवर्षं समुद्राच्या पाण्यात असलेली दत्तारामची ती दोरी, तिचा वास हाताला लागणारच. मला वाटलं, आता घागरीकडे जातील. घागर दोन पावलांवर होती, वर तांब्याही होता. त्यांनी पुन्हा एकदा तळवा हुंगला आणि हात न धुताच ते जेवायला आत गेले.